ठिबकचं अनुदान: महाडीबीटीवरचा अर्ज आणि त्यामागचे कागद

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी लिहितो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सांगोला तालुक्यात वडील आणि काकांचं मिळून एका गटात 2 हेक्टर 22 आर क्षेत्र. निम्मं वडिलांचं, त्यात डाळिंब. तुम्ही पुण्यात नोकरी करता, वडिलांकडे साधा कीपॅडचा फोन. गावातल्या एका केंद्रावरून महाडीबीटी या शासनाच्या योजनांच्या पोर्टलवर ठिबकचा अर्ज भरला, त्याला काही महिने झाले. आता विक्रेता म्हणतो, "अनुदान कुठं पळून जात नाही, संच आत्ताच बसवून घ्या, बिल मागाहून लावू." बसवून घ्यावा का, आणि अर्ज नेमका कुठं अडला असेल, एवढं तुम्हाला हवंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. पूर्वसंमती, म्हणजे खरेदीला कृषी विभागाची आधी मिळणारी लेखी मंजुरी, हातात आल्याशिवाय एक फूटसुद्धा नळी विकत घ्यायची नाही. तालुका कृषी कार्यालयात अशा फायली तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. बाकीच्या बहुतेक त्रुटी दुरुस्त होतात; बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल तर तिला औषध नाही. विक्रेता "मागाहूनच्या तारखेचं बिल देतो" म्हणेल. त्याचा माल आधीच विकला जातो, त्याचं काय जातंय? पण खोट्या तारखेचं बिल वडिलांच्या नावानं शासनाला सादर होणार, आणि खालचं स्वयंघोषणापत्रही त्यांच्याच सहीचं. उद्या तपासणीत वर्षभर उन्हात पडलेली, पांढुरकी झालेली लॅटरल (पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी) आणि मागच्या महिन्याचं बिल असं दिसलं, तर उत्तर वडिलांना द्यावं लागेल, विक्रेत्याला नाही.

आता अर्ज कुठं अडला ते बघू. लोकांना वाटतं पोर्टल म्हणजेच सगळं काम. प्रत्यक्षात पोर्टलवरचा अर्ज अर्ध्या तासात भरून होतो. 'सिंचन साधने व सुविधा' निवडायचं, गट नंबर, पीक, क्षेत्र टाकायचं, 23 रुपये 60 पैसे शुल्क भरायचं (20 रुपये आणि वर जीएसटी), झालं. अनुदान मिळतं किंवा अडतं ते महसूल दप्तर, आधार आणि बँक या तीन ठिकाणी वडिलांची माहिती एकमेकींशी जुळते की नाही, यावर.

सुरुवात शेतकरी ओळख क्रमांकापासून करा. 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी अ‍ॅग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) हा अकरा अंकी क्रमांक सक्तीचा आहे. अर्ज त्याआधीचा असेल आणि क्रमांक जोडलेला नसेल, तर तो तसाच पडून राहतो. नोंदणी झाली असेल तर एवढ्यावर थांबू नका. त्या ओळखीला वडिलांचे सगळे गट जोडलेत का, ते उघडून बघा. नोंदणीच्या शिबिरात गर्दीत एकच गट जोडून मोकळे झालेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. मग ज्या गटात डाळिंब आहे नेमका तोच गट अर्ज भरताना यादीत दिसत नाही, आणि केंद्रचालक समोर दिसेल तो गट निवडून अर्ज पुढे ढकलतो.

तुमच्या बाबतीत खरी मेख सामाईक सातबाऱ्यात आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढा, सोबत 8-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) पण. त्यावर तलाठ्याची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची, सही-शिक्का लागत नाही. "शिक्का मारून आणा" असं कुणी म्हणालंच, तर उताऱ्याखालची स्वाक्षरीची ओळ आणि पडताळणी क्रमांक दाखवा. मग खातेदारांच्या नावांसमोरचा क्षेत्राचा रकाना वाचा. दोन शक्यता आहेत. एकतर वडिलांच्या नावापुढे 1.11 आणि काकांच्या नावापुढे 1.11 असं वेगळं क्षेत्र लिहिलेलं असेल. तसं असेल तर निम्मी डोकेदुखी संपली. किंवा दोघांची नावं एकाखाली एक, आणि पुढे 'सामाईक क्षेत्र' म्हणून एकच 2.22 असेल. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

सामाईक असेल तर दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे काकांचं संमतीपत्र लागतं. ते साध्या कागदावर चालतं की स्टॅम्पवर, हे तुमच्या तालुका कार्यालयातच विचारा. जिथं कागद तपासला जाणार तिथल्या माणसाचं ऐकलेलं बरं. संमतीपत्रात गट नंबर, एकूण क्षेत्र, त्यातल्या किती क्षेत्रावर वडील ठिबक करणार आणि त्याचं अनुदान वडिलांच्या खात्यावर जमा होण्यास काकांची हरकत नाही, या चारही गोष्टी स्पष्ट याव्यात. "आमची काही हरकत नाही" एवढं एका ओळीचं पत्र परत येतं.

दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ठिबकला केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अल्पभूधारकाला 25 आणि इतरांना 30 टक्के पूरक देते. म्हणजे एकूण 80 किंवा 75. आणि अल्पभूधारकाची मर्यादा आहे 2 हेक्टर. वडिलांचा वाटा 1.11, म्हणजे ते 80 वाले. पण सामाईक खात्याचं सगळं 2.22 त्यांच्या नावावर धरलं गेलं, तर ते मर्यादेच्या 22 आर पुढे जातात आणि 75 मध्ये बसतात. तेव्हा ओळख क्रमांकात आणि पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये त्यांचं एकूण क्षेत्र किती दाखवलंय ते बघा. चुकलं असेल तर आत्ताच बोला, पूर्वसंमतीच्या पत्रावर आकडा छापून आल्यावर नको.

कायमचा उपाय हवा असेल तर वाटणी. दोघे भाऊ राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून खातेफोड, म्हणजे दोघांची खाती वेगळी, करता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून या अर्जासाठी थांबू नका. संमतीपत्रावर हे काम निभावून न्या आणि वाटणीचं शांतपणे करा. घरात विषय नाजूक असतो हे मला कळतं. तरी पीकविमा, पीककर्ज, नुकसानभरपाई, प्रत्येक वेळी हेच सामाईक क्षेत्र आडवं येणार आहे.

नावाचंही बघून घ्या. आधारवर पूर्ण नाव, सातबाऱ्यावर मधलं नाव गायब किंवा आडनावात एक मात्रा कमी, पासबुकावर आद्याक्षरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. किरकोळ फरक असेल तर कार्यालय प्रतिज्ञापत्रावर भागवतं. सातबारा संगणकीकृत होताना लेखनाची चूक झाली असेल, तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) सोबत जोडा, म्हणजे चूक नेमकी कुठं शिरली ते दिसतं.

सातबाऱ्यावरच आणखी दोन नोंदी तपासा: विहीर किंवा बोअर, आणि पीक. ठिबकला पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो. विहीर काकांच्या बांधावर असेल आणि पाणी दोघं वापरत असतील, तर त्याचाही उल्लेख त्याच संमतीपत्रात करून टाका, दुसऱ्यांदा सही मागायला जाणं नको. पिकाची नोंद ई-पीक पाहणीतून, म्हणजे शेतकऱ्यानं मोबाइल अ‍ॅपवर भरलेल्या माहितीतून, येते. ती राज्यभर 2021 पासून आहे, पण डाळिंबवाल्यांचा समज असा की बाग तर कायमचीच आहे, दरवेळी काय नोंदवायची! नोंदवायची. नाहीतर उताऱ्यावर पड किंवा मागच्या हंगामातली बाजरी दिसते आणि अर्जात डाळिंब. साहजिकच तपासणारा अधिकारी शेरा मारतो.

आता मोबाइल. आधारला जोडलेला नंबर बंद आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि अर्ज केंद्रावरून भरलाय. मग अर्जात नंबर कुणाचा टाकलाय? बऱ्याचदा केंद्रचालक स्वतःचा नंबर टाकतो, कारण दिवसभर ओटीपी विचारत बसायला त्याला वेळ नसतो. यात नेहमी काळंबेरं असतंच असं नाही, पण परिणाम वाईट होतो. कागदपत्रं अपलोड करण्याचा संदेश त्याच्या फोनवर, इतर शेकडो संदेशांच्या गर्दीत जातो, त्याची मुदत निघून जाते आणि अर्ज रद्द होतो. वडिलांना आधार केंद्रावर घेऊन जा, ठसे देऊन चालू नंबर आधारला जोडून घ्या, मग तोच नंबर पोर्टलवर आणि बँकेत. नंबर वडिलांच्या त्या कीपॅडच्या फोनमधलाच ठेवा. तुमचा देऊ नका. वडील कार्यालयात किंवा केंद्रावर बसलेले असतील तेव्हा ओटीपीसाठी तुम्हाला मीटिंगमध्ये फोन येतील, आणि तुम्ही उचलणार नाही.

संदेशावर विसंबूही नका. आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून 'मी अर्ज केलेल्या बाबी' उघडायचं. पूर्वी सोडत निघायची, नंबर लागला की कळायचं. 2025 पासून सोडत बंद झाली आणि प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य आलं, म्हणजे तुमची जागा अर्जाच्या तारखेवर ठरते. त्यामुळे 'काही होत नाही' म्हणून जुना अर्ज रद्द करून नवा भरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रांगेतली पुढची जागा सोडून शेवटी जाऊन उभं राहण्यासारखं ते आहे. दुरुस्ती करायची असेल तर आहे त्याच अर्जात होते का, ते आधी कार्यालयात विचारा.

तिथं कुणाला विचारायचं? गावाचे कृषी सहायक, ज्यांचं पदनाम 2025 मध्ये सहाय्यक कृषी अधिकारी झालं, त्यांना. त्यांच्याकडे अनेक गावं असतात, फोन लागेलच असं नाही. सोमवारी तालुक्याला बैठका असतील तर त्या टाळून जा आणि जाताना अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या. "साहेब, आमच्या ठिबकचं काय झालं?" असं विचारलं तर उत्तर येतं "बघतो". अर्ज क्रमांक पुढे ठेवून "हा कुणाच्या लॉगिनला आहे आणि शेरा काय आहे?" असं विचारलं तर त्यांना समोरचा संगणक उघडावाच लागतो.

कागद अपलोड करताना फोनवर काढलेला तीन-चार एमबीचा फोटो जात नाही; पडद्यावर दिलेल्या मर्यादेत बसवावा लागतो. तो इतका दाबू नका की सातबाऱ्यावरचा आकडाच वाचता येणार नाही. पुण्यात असताना हे काम तुम्ही स्वतः करा, केंद्रावर सोपवू नका.

पैशाचं गणितही आत्ताच करून ठेवा, कारण "80 टक्के अनुदान" हे शब्द विक्रेत्याच्या तोंडी फार गोड असतात. ते 80 टक्के तुमच्या बिलाचे नाहीत. शासनानं दोन लॅटरलमधल्या अंतरानुसार प्रति हेक्टर खर्चाचा मापदंड ठरवलाय. बिल आणि मापदंड यांत जे कमी असेल त्यावर टक्केवारी निघते. अंतर जितकं जास्त तितकी नळी कमी, आणि मापदंडही कमी. उसाला चार-पाच फुटांवर लॅटरल पडते, म्हणून उसाचा मापदंड मोठा. तुमच्या डाळिंबाची लागवड साडेचार बाय तीन मीटरवर असेल, तर त्याच्या निम्म्यानंही नळी लागत नाही. शेजारच्या ऊसवाल्याला एकरी किती मिळाले ते ऐकून हिशेब मांडू नका. समजा मापदंडानं तुमचा खर्च 60 हजार निघाला आणि विक्रेत्यानं भारी फिल्टर, खताची टाकी वगैरे घालून 90 हजारांचं बिल केलं, तर अनुदान 60 चे 80 टक्के, म्हणजे 48 हजार. उरलेले 42 हजार तुमच्या खिशातून. बिलाच्या मानानं अनुदान निम्म्याच्या जरा वरच झालं. आकडे समजण्यापुरते घेतलेत, खरा मापदंड कार्यालयातल्या तक्त्यात तुमच्या अंतरासमोर बघून या. डाळिंबाला ओळीच्या दोन्ही बाजूंनी दोन नळ्या टाकायच्या असतील तर तेही आराखड्यात आधीच येऊ द्या.

कोटेशन जुनं असेल तर नवं मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक संचावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. जुन्या दराचं कोटेशन अजून फिरताना दिसतं.

पूर्वसंमती आली की तिच्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती पाळा. विक्रेता कंपनीचा अधिकृत आणि विभागाकडे नोंदलेला हवा. पैसे वडिलांच्या खात्यातूनच द्या, रोखीनं नको. माल शेतावर उतरला की बंडल सोडण्याआधी लॅटरलवरची छपाई वाचा. साध्या लॅटरलवर आयएस 12786, आतच ड्रिपर बसवलेल्या इनलाइन नळीवर आयएस 13488, सोबत आयएसआयची खूण, कंपनीचं नाव आणि बॅच. हे नसेल तर बंडल परत पाठवा. मोका तपासणीला (शेतावर येऊन होणाऱ्या पाहणीला) येणारा माणूस नळीवरची हीच ओळ वाचतो, मग बिल बघतो, मग टेप धरून अंतर मोजतो. आराखड्यात जितके मीटर लिहिलेत तितकी नळी जमिनीवर दिसली पाहिजे. वडिलांना त्या दिवशी शेतावर हजर राहायला सांगा, फोटोत संचासोबत लाभार्थी लागतो.

शेवटी बँक, जिथं सगळं पार पडूनही पैसे हरवल्यासारखे होतात. अपलोड केलं ते पासबुक एक, आणि पैसे पडतात भलत्याच खात्यात, हे इतकं नेहमीचं आहे की शेतकरी "अनुदान आलंच नाही" म्हणून भांडायला येतो आणि त्याच्याच दुसऱ्या खात्यात ते महिनाभर पडलेलं असतं. थेट लाभाचे पैसे खाते क्रमांक बघून जात नाहीत, आधार बघून जातात. एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते, आणि तुम्ही शेवटची जी जोडली ती. वडिलांचं व्यवहाराचं खातं जिल्हा बँकेत असेल, पण मध्येच सिमकार्ड घेताना कुणी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर पैसे तिकडे. 2017 साली गॅसच्या अनुदानाचं देशभर असंच झालं होतं, लोकांना आपलं खातं उघडलंय हेच माहीत नव्हतं.

इथं एक फरक लक्षात ठेवा. 'आधार लिंक आहे' असं बँकेतला माणूस सांगतो तेव्हा त्याला बहुधा केवायसी म्हणायचं असतं. अनुदानाला लागतं ते सीडिंग, म्हणजे एनपीसीआयच्या त्या नोंदीत आधारसमोर ही बँक लागणं; त्यासाठी बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. बघायचं कुठं? आधारच्याच संकेतस्थळावर ओटीपी टाकून बँक सीडिंगची स्थिती दिसते: बँकेचं नाव, चालू की बंद, आणि कधीपासून. तिथं दिसणारी बँक हीच तुमची अनुदानाची बँक, पासबुक काहीही म्हणो. ते खातं जुनं, पूर्ण केवायसी न झालेलं 'छोटं खातं' असेल तर आणखी एक अडचण: त्यात 50 हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही. पैसे येऊन परत जातात. शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून घ्या.

पैसे कधी येतील याची तारीख मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा आणि पूरक अनुदान यांचा निधी वेगवेगळ्या वेळी येतो. तपासणी होऊनही काही महिने सहज जातात, कधी वर्षही उलटतं. संच स्वतःच्या पैशानं किंवा बँकेच्या कर्जानं परवडत असेल तरच घ्या. "तुमचा हिस्सा तेवढा द्या, अनुदान आमचं आम्ही बघू" म्हणणारे विक्रेते भेटतील आणि बदल्यात वडिलांचा सही केलेला कोरा चेक किंवा एटीएम कार्ड मागतील. यातलं काहीही द्यायचं नाही. एवढ्यावर बोलणी मोडली तर दुसरा विक्रेता बघा, सांगोल्यात डाळिंबामुळे ठिबकवाल्यांची कमी नाही.

एक गोष्ट काकांच्या बाजूनं. ठिबकचा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर पुन्हा सात वर्षं अनुदान मिळत नाही. अर्जात आणि आराखड्यात गटाचं पूर्ण 2.22 न टाकता वडिलांचंच 1.11, चतु:सीमेसह, टाकलंय ना हे पक्कं करा. नाहीतर पुढच्या वर्षी काका अर्ज करायला जातील आणि पोर्टल त्यांना सांगेल की या गटावर लाभ आधीच घेतलेला आहे. मग संमतीपत्रावरची ती सही आठवून घरात काय बोलणी होतील, ते तुम्हीच जाणता. पूर्वसंमतीचं पत्र आलं की त्यावरचं क्षेत्र आणि टक्केवारी इथं लिहा, पुढचं तेव्हा बघू.